शिवेवरचा कोळसा

आमच्याकडे भाजलेला किंवा शिजवलेला मासा गावाची शीव ओलांडून न्यायचा असेल, तर त्याच्यासोबत चुलीतला एक कोळसा ठेवतात. शिवेवर जे काही वस्तीला असतं ते माशाच्या वासानं मागं लागतं आणि कोळसा बघून परत फिरतं, असं म्हणतात. मी जुन्नरला कॉलेजात होतो तेव्हा गावाकडून येणाऱ्या डब्यातही कोळसा असायचा. खोलीतली मुलं हसायची. मी कोळसा बाजूला काढायचो आणि जेवायचो. घरात पहिल्यांदा कोणी पदवीपर्यंत पोचत होतं, आणि आई त्या डब्यासाठी पहाटे उठून एसटी गाठायची. तिच्या कोळशाला हसायची माझी काय छाती? पण त्यावर मी कधी विचारही केला नव्हता. तो विचार करायची वेळ आली नेपाळच्या सरहद्दीवर.

आमचं मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. मी ते पाहिलेलं नाही. माझ्या वडिलांना, म्हणजे दादांना, ते अजून दिसतं. होडीत बसल्यावर समोरचा सुळका आणि डावीकडची खिंड यांचा मेळ घालून ते सांगतात, आता आपण देवळावर आलो, आता खळ्यावर. आमच्या लोकांत एक रीत आहे, बाहेरच्यांना सांगितली तर पटत नाही. पाण्याखाली गेलेले बांध अजून पाळले जातात. ज्याचं वावर खाली, त्याचं जाळं वर. दुसऱ्याच्या बांधापलीकडं जाळं टाकायचं झालं तर आधी विचारायचं.

सरकारदप्तरी मात्र बांध बुडाले ते बुडाले. मी आश्रमशाळेत होतो तेव्हा धरणातल्या मासेमारीचा ठेका बाहेरच्या एका माणसाकडे होता. दादा स्वतःच्या वावरावर जाळं टाकताना पकडले गेले. चौकीत त्यांनी सांगितलं, "माझ्याच वावरात व्हतो. चोरी कसली?" तिथला एक जण हसून म्हणाला, "दाखव तुझं वावर." दादा पाण्याकडे बोट दाखवत राहिले. त्यांना एक रात्र बसवून ठेवलं आणि सकाळी सोडलं. मारलं नाही, काही नाही. पण तेव्हापासून खाकी कपडा दिसला की दादांचे हात थरथरतात. एसटीच्या कंडक्टरसमोरही थरथरतात. नंतर आमच्या लोकांची सोसायटी झाली, मासेमारीची रीतसर परवानगी मिळाली, मी शिकून त्याच सोसायटीचा सचिव झालो. हात थरथरायचे थांबले नाहीत.

गेल्या काही वर्षांत पाण्यात पिंजरे लावून मासे वाढवायची गोष्ट निघाली. पिंजऱ्यांसाठी खोल आणि शांत पाणी लागतं, आणि तसं पाणी नेमकं आमच्या जुन्या गावावर आहे. तरुण पोरं तयार होती. जुनी माणसं दादांच्या तोंडाकडे बघत होती. दादा म्हणायचे, "देवाच्या डोक्यावर पिंजरं लावायचं? मी डोळ्यानं बघितल्याबिगर हो म्हणणार न्हाई." आमचा मासा घेणारे जुन्नरच्या बाजारातले चाचा होते, त्यांचीही अट होती. "पिंजऱ्याचा मासा खाद्यानं वास मारतो म्हणतात. मी घेईन, पण आधी चाखवा."

तेव्हा आम्हाला मदत करणाऱ्या एका संस्थेनं कळवलं की नेपाळमध्ये असंच एक धरण आहे, असेच उठवलेले लोक आहेत आणि ते पिंजऱ्यात मासे वाढवतात. तिघांनी येऊन बघावं, चार दिवस त्यांच्यासोबत मासेमारी करावी. तिघं ठरलो. दादा, मी आणि सोसायटीचे चेअरमन, म्हणजे माझे सख्खे मामा.

निघताना आईनं मला वळचणीला बोलावलं. "त्यांना दुसऱ्या देशात नेतोयस. तिथं पोलीस असत्याल. माणूस जसा नेतोस तसा आण. मासा ऱ्हायला तरी चालंल."

पुण्याहून बिहारला जाणाऱ्या गाडीत बसल्यापासून माझ्या डोक्यात हेच होतं. पासपोर्ट लागत नाही, मतदान कार्ड चालतं, हे मी दहा ठिकाणी विचारून पक्कं केलं होतं. तरी दर मोठ्या स्टेशनला मी तिघांची कार्डं बघायचो. मामा म्हणाले, "आरं, कोंबडीनं अंडी घातल्यागत दर घटकंला काय बघतोस? पळून जात्यात व्हय कार्डं?" दादा खिडकीशी बसून होते. त्यांनी एकदाच विचारलं, "तितं काय विचारत्याल?"

"नाव विचारतील. कुठं चाललात विचारतील."

"आन् कशाला चाललात म्हनलं तर?"

"मासे धरायला म्हणायचं."

दादा परत खिडकीबाहेर बघू लागले. मासे धरायला चाललोय, हे कुणा वर्दीवाल्याला आपण होऊन सांगायचं, हे त्यांना झेपत नसावं.

रक्सौलला उतरलो तेव्हा दुपार झाली होती. पलीकडच्या, नेपाळातल्या गावाला जायला मधे पूल आहे. त्यावरून टांगे, ई-रिक्षा, सायकलवर गवत नेणाऱ्या बाया, शाळेची पोरं असं सगळं सारखं वाहत होतं. दादांनी सकाळीच गाडीत दाढी करून घेतली होती. नवी टोपी घातली होती. मतदान कार्ड त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. पुलाच्या अलीकडे येऊन ते थांबले आणि पिशवीतून नारळ काढला.

"दादा, हे काय?"

"शीव हाय ना? शीव वलांडायची तर नारळ नको?"

मामांनी कपाळावर हात मारला. "दाजी, हितं म्हसोबा न्हाई, कस्टम हाय!"

"आसंना. मानाचं ते मानाचं."

मी इकडेतिकडे पाहिलं. बंदूकवाला जवान आमच्याकडेच बघत होता. नारळ फोडायला मी दादांना हात जोडून नको म्हटलं. शेवटी त्यांनी तो कठड्याशी एका कोपऱ्यात ठेवला, चिमूटभर तांदूळ टाकले, नमस्कार केला. मग कार्ड पुढं धरून जवानासमोर गेले. त्यांचे हात इतके हलत होते की कार्डावरचं नाव वाचणं त्या बिचाऱ्याला अवघड झालं असणार. त्यानं कार्डाकडे पाहिलं, दादांकडे पाहिलं आणि म्हणाला, "जाइए बाबा."

दादांनी पूल ओलांडला. मग थांबून त्यांनी मागं पाहिलं.

"बास? येवढंच?"

"एवढंच, दादा."

"मासं धरायला चाललोय ते विचारलंच न्हाई की त्यानं."

मला वाटलं होतं त्यांना हायसं वाटेल. पण त्यांचा चेहरा थोडा पडला होता. उत्तर पाठ करून गेलेल्या पोराला मास्तरांनी प्रश्नच विचारू नये, तसं झालं होतं.

धरण डोंगरात होतं. वळणावळणाची वाट, खाली लांबट निळं पाणी, आणि पाण्यावर बांबूच्या चौकटींना बांधलेले जाळ्यांचे पिंजरे. ज्यांच्या घरी उतरलो तो माणूस दादांच्याच वयाचा होता. त्याला मराठी येत नव्हती, दादांना नेपाळी. दोघांची हिंदी टीव्हीवरून आलेली. तरी पहिल्या सकाळी ते दोघं एका होडीत बसले ते दुपारपर्यंत उतरले नाहीत.

मी दुसऱ्या होडीतून बघत होतो. दादांनी सोबत आणलेलं फेकजाळं खांद्यावर घेतलं, उभे राहिले, आणि टाकायच्या आधी त्या माणसाला विचारलं, "ये किसका है?"

"क्या किसका?"

"पानी. नीचे का. किसके वावर पे हूँ मैं?"

तो माणूस क्षणभर बघत राहिला. मग त्यानं वल्हं थांबवलं आणि पिंजऱ्यांच्या दिशेला बोट दाखवलं. "वहाँ मेरा घर था. यहाँ भाई का खेत. फेंको, फेंको, भाई कुछ नहीं बोलेगा."

दादांनी जाळं टाकलं. ते गोल उघडलं आणि पाण्यावर पडलं. पहिल्याच फेकीला दोन चांगले मासे आले. दादांनी एक होडीत ठेवला आणि एक पाण्यात सोडला. आमच्याकडे पहिल्या फेकीचं तसंच असतं. नेपाळी यजमान हसला.

संध्याकाळी दादा मला म्हणाले, "त्यानं सोताच्या घरावर पिंजरं लावल्यात. म्हनला, खाली घर हाय म्हनून तर लावलं, दुसऱ्याच्या घरावर कशाला." एवढंच. हो किंवा नाही ते बोलले नाहीत, आणि मी विचारलं नाही. मला तेव्हा पिंजऱ्यांपेक्षा परतीची काळजी होती.

निघायच्या दिवशी त्या घरातल्या वहिनीनं पिंजऱ्यातले, धुरावर वाळवलेले चंदेरा जातीचे मासे केळीच्या पानात बांधून दिले. चाचांना चाखवायला ते हवेच होते. दादांनी तिच्या चुलीकडे बोट दाखवून एक कोळसा मागितला. तिनं चिमट्यानं विझलेला एक काढून दिला. माशांना काळं लागू नये म्हणून दादांनी तो प्लास्टिकच्या तुकड्यात घट्ट गुंडाळला, दोरा बांधला आणि माशांच्या मधोमध ठेवला. मी शेजारीच बॅग भरत होतो. मला त्यात काही वेगळं दिसलं नाही. आयुष्यभर बघितलेली गोष्ट डोळ्याला दिसते कुठं?

परतताना पुलावर गर्दी होती. लोक बोचकी घेऊन सरळ निघून जात होते. मामाही त्यांच्या मागं चालू लागले. मी म्हटलं, "थांबा. आपल्याजवळ खायची वस्तू आहे. कस्टमच्या खिडकीवर सांगून जाऊ."

"आरं, लोक पोत्यानं नेत्यात! कोन विचारतंय?"

"नाही मामा. सांगून जाऊ. मग कुणाचं बोलणं नको."

दादा माझ्या बाजूनं झाले. "पोरगा म्हंतो तसं करू. सांगून जाऊ. चोरून कशाला?"

तिथं आपण होऊन थांबणारे आम्हीच असू. खिडकीतल्या माणसानं, काय आणलंय, म्हणून विचारलं. मी म्हटलं, वाळवलेले मासे, घरी खायला. त्यानं जांभई देत शेजारच्या जवानाला खूण केली. जवानानं पुडकं टेबलावर ठेवून पान उलगडलं. मासे बाजूला सारले. आणि मधे दोरा बांधलेली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली काळी गोळी निघाली.

आधी त्यानं ती बोटानं दाबली. मग वर बघून दुसऱ्याला हाक मारली. तो आला. मग तिसरा आला, त्याच्याबरोबर कुत्रा होता. त्यांच्यातला एक शब्द मला ऐकू आला. चरस. नेपाळच्या सरहद्दीवरून काय काय येतं ते मी बातम्यांत वाचलं होतं, आणि ते कसं दिसतं तेही. असंच दिसतं. काळं, गुंडाळलेलं, मासळीच्या वासात लपवलेलं.

"किसका सामान है?"

दादा पुढं झाले. "माझं." मग हिंदीत, "मेरा, साब."

त्यांनी दादांना आत नेलं. मला आणि मामांना बाहेर थांबायला सांगितलं. दाराशी एक जवान उभा राहिला. खिडकीच्या जाळीतून मला फक्त दादांची टोपी दिसत होती. ती हलत होती. डोकं हलतंय की सगळे दादाच थरथरतायत, ते कळत नव्हतं. माझ्या मनात आईचा आवाज सारखा येत होता. माणूस जसा नेतोस तसा आण. माझ्या हट्टापायी आम्ही त्या खिडकीवर गेलो होतो. मामांनी हातावर तंबाखू मळायला घेतली आणि मळतच राहिले. ती तोंडात टाकायचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

"काय सांगत आसतील रं दाजी?"

"खरं तेच सांगतील."

"तीच तर धास्ती," मामा म्हणाले. "खरं कोन ऐकनार?"

आतून प्रश्नाचा मोठा आवाज आला आणि मामांना राहवलं नाही. ते दाराशी जाऊन मोठ्यानं बोलले, "साब! वो कोयला है, बास मारता है ना मच्छी, उसके लिए! बास नहीं आना करके!"

मग आम्हा दोघांनाही आत घेतलं. टेबलामागे एक वयस्क अधिकारी बसले होते. समोर पानावर मासे, शेजारी ती गोळी, अजून बांधलेलीच. दादा उभे होते, हात पोटाशी धरलेले. अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "आप पढ़े-लिखे हैं?"

"जी. ग्रॅज्युएट."

"अच्छा. ये बाबा कहते हैं कोयला है, सरहद पर कुछ चिपक न जाए, इसलिए रखा. ये साहब कहते हैं बदबू के लिए रखा. आपका एक ही घर है ना? फिर दो बातें कैसे? आप बताइए, सच कौन बोल रहा है?"

मामांचं उत्तर शहाण्यासारखं होतं. कोळसा वास शोषतो, हे पुस्तकातही आहे. मी मान डोलावली असती तर अधिकाऱ्यांना ते पटलं असतं आणि मला काही समजावून सांगावं लागलं नसतं. मामा माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होते. दादा बघत नव्हते. ते टेबलाच्या कडेकडे बघत होते. चौकीत कोणी त्यांना म्हटलं होतं, दाखव तुझं वावर. मला एकदम वाटलं, ते आताही तसेच उभे आहेत. पाण्याकडे बोट दाखवून.

"साहब, पिताजी सच बोल रहे हैं," मी म्हटलं. "हमारे यहाँ गाँव की हद के पार मछली ले जाते हैं तो कोयला रखते हैं. मेरे कॉलेज के डिब्बे में भी माँ रखती थी. मामा ने हमें बचाने के लिए बोल दिया. बाकी आप खोलकर देख लीजिए."

मामांनी मान खाली घातली. अधिकाऱ्यांनी जवानाला खूण केली. त्यानं चाकूनं दोरा कापला, प्लास्टिक सोडवलं. त्यांनी कुत्र्यालाही जवळ आणलं. कुत्र्यानं कोळशाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यानं सरळ पानावरचा एक मासा उचलला. जवान दोरी ओढत राहिला आणि कुत्रा चावत राहिला.

"ए, ए!" अधिकारी ओरडले. मग त्यांनी कोळसा दोन बोटांत धरून टेबलावर आपटला. तो फुटला. काळी भुकटी टेबलभर पसरली, त्यांच्या कोऱ्या बाहीवरही उडाली. त्यांनी भुकटी बोटांवर चोळली, वास घेतला आणि खुर्चीत मागं टेकले.

"बाबा," ते म्हणाले, "अगली बार कोयला मत बाँधिए. खुला रखिए."

दादांना कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. ते पुढं वाकले आणि थरथरत्या बोटांनी टेबलावरचा सगळ्यात मोठा तुकडा शोधू लागले. मला वाटलं, आता परत काहीतरी होणार. जवान पुढं सरकला. अधिकाऱ्यांनी हातानं त्याला थांबवलं. दादांनी तुकडा उचलला, माशांत ठेवला आणि पान मिटलं.

"ये मछली कहाँ से लाए, बाबा?" अधिकाऱ्यांनी उठता उठता विचारलं. बहुतेक नुसतं बोलायचं म्हणून.

दादा ताठ झाले. माशांचं जाताना कोणी विचारलं नव्हतं. "पावन्यानं दिली," ते म्हणाले. मग हिंदी जुळवत, "दिया है, साब. उसने दिया. मैंने पकडा भी, उसको पूछके पकडा."

"ठीक है," ते म्हणाले. "जाइए."

आम्ही बाहेर आलो. मी पुलाच्या कठड्याशी बसलो. जाताना ठेवलेला नारळ तिथं नव्हता. कोणी तरी नेला असणार. मामा दादांना म्हणाले, "दाजी, माझं बोलनं मनावर घेऊ नका. मला वाटलं, वासाचं सांगितलं की सुटू."

"तुमचं बराबर व्हतं," दादा म्हणाले. "पर मग आपला कोळसा खोटा झाला आसता."

परतीच्या गाडीत दादा झोपले. जाताना डोळ्याला डोळा लागला नव्हता त्यांचा. मी मात्र जागाच होतो. कोणीतरी येऊन परत बोलावील असं मला मनमाडपर्यंत वाटत होतं.

मंचरहून डिंभ्याला जाणारी एसटी त्या दिवशी आलीच नाही. जीपनं आलो. गावाच्या शिवेवर दादांनी जीप थांबवली, खाली उतरले, पुडक्यातला तुकडा काढला आणि मागं न बघता खांद्यावरून फेकला. आई दारात उभी होती. तिनं आधी दादांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग पुडकं घेतलं.

चाचांना मी दुसऱ्या दिवशी मासा नेऊन दिला. त्यांनी दुकानातच तुकडा तोडून खाल्ला. "वास नाय मारत," ते म्हणाले. "चव थोडी धुराची आहे. पण वास नाय."

पिंजऱ्यांचं दादा अजून काही बोलत नव्हते. आठवड्यानं एका सकाळी त्यांनी मला आणि मामांना होडीत बसवलं. पाणी शांत होतं. सुळका आणि खिंड यांचा मेळ घालत ते बराच वेळ वल्हवत राहिले. मग थांबले.

"देवळावर न्हाई," ते म्हणाले. "हितं. हितं आपलं खळं व्हतं. आपल्या खळ्यावर लावा."

तेवढ्यात धरणाच्या भिंतीकडून मोटारबोटीचा आवाज आला. दादांचे हात वल्ह्यावर थरथरायला लागले. सरकारी बोट होती, लांबूनच गेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"परवानगी हाय ना रं?"

"आहे, दादा."

"मग कोन विचारलं तर मीच सांगीन," ते म्हणाले, आणि वल्हं परत पाण्यात घातलं. हात अजून थरथरत होते.